मागच्या वेळी कुठून आणलंत?

स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावात मला जे पहिलं काम मिळालं, ते उत्तरं वाचायचं होतं. आफ्रिकेतल्या चार शहरांत बायकांच्या घरी जाऊन कुणीतरी प्रश्न विचारले होते. त्यातला एक प्रश्न असा होता: पाळणा लांबवायला तुम्ही जे वापरता, ते मागच्या वेळी कुठून आणलंत? हा प्रश्न थोड्या काळापुरत्या साधनांचा होता, म्हणजे गोळ्या, निरोध, तीन महिन्यांचं इंजेक्शन. तांबी आणि ऑपरेशनचं काम दुसऱ्या कुणाकडे होतं. बहुतेक उत्तरांना आधीच आकडे लागलेले होते. सरकारी दवाखाना एक, खासगी दवाखाना दोन, औषधाचं दुकान तीन, असं. ज्यांना आकडा लागत नव्हता, त्यांच्यापुढे ‘इतर’ लिहून शेजारी त्या बाईचे शब्द टाइप केलेले असत. ते शब्द वाचायचे आणि त्यांना कुठला तरी आकडा द्यायचा, एवढंच माझं काम. आठवड्याला वीस तास.

२००४ सालचा सप्टेंबर होता. मी एकोणतीस वर्षांची होते आणि लोकसंख्याशास्त्राच्या मास्टर्सच्या पहिल्या वर्षाला होते. नवरा टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला. आम्ही विचारपूर्वक वेगळे राहत होतो असं सगळ्यांना सांगितलेलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

लग्न होऊन मी पुण्याहून फ्रिस्कोला आले ती २००१च्या डिसेंबरात. नवरा आयटीत, वर्क व्हिसावर. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून मी घर लावलं, गाडी शिकले, कॉम्प्लेक्समधल्या इतर बायकांबरोबर आळीपाळीने डोसे केले. दुसऱ्या वर्षी दिवस गेले. पाचव्या महिन्यात, २००३च्या मार्चमध्ये, ते गेलं. मुलगा होता. मी विचारलं नव्हतं, नर्सने आपणहून सांगितलं.

सुरुवातीला मी रडले. पण ते दोनेक आठवड्यांत संपलं, आणि मागे जे उरलं त्याला दुःख म्हणता येईल असं मला वाटत नाही. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, हात लावला तर कळतं की आहे, पण आपला वाटत नाही, तसं सगळं झालं. मी स्वयंपाक करत होते, लोकांकडे जात होते, हसायच्या जागी हसत होते. वर्ष झाल्यावर नवरा म्हणाला की आता परत ट्राय करू. मी हो म्हणाले. सासूबाई दर शनिवारी सांगलीहून फोन करत आणि बोलणं संपताना, सगळं ठीक ना, असं जरा थांबून विचारत. त्यांनाही मी हो म्हणे.

त्या जूनमध्ये चुलतभावाच्या लग्नाला मी पुण्याला गेले. एके दिवशी दुपारी रिक्षा करून, जिथे आमच्या ओळखीचं कुणी राहत नाही अशा भागात गेले आणि एका केमिस्टकडून गोळ्यांची सहा पाकिटं घेतली. ठरवून गेले होते असं म्हणवत नाही. रिक्षात बसले, आणि रिक्षावाल्याने कुठे जायचं विचारल्यावर तोंडातून तेच नाव आलं. परत आल्यावर मी ती पाकिटं सॅनिटरी पॅडच्या पिशवीत ठेवली. ऑगस्टमध्ये स्टेट कॉलेजला आले तेव्हा ती पिशवी बरोबर आली. शिकायला जा, तुझं मन रमेल, हे नवऱ्यानेच सुचवलं होतं. माझे फॉर्मही त्यानेच भरले होते. आम्ही साताठ आठवड्यांनी भेटणार होतो, आणि त्यातून काही झालं तर बघू, असं त्याचं म्हणणं होतं.

आमच्या कामाच्या खोलीत दोन टेबलं होती. दुसऱ्या टेबलाशी बसणारी बाई घानाची होती, अक्रा शहरातली. वय चाळिशीच्या पुढे. तिकडे बारा वर्षं नर्स होती आणि दोन मुलींना आईपाशी ठेवून इथे पीएचडी करायला आली होती. तोंडावर मी तिला इथल्या रीतीप्रमाणे नावाने हाक मारायची, पण मनात बाईच म्हणायची. आमच्या शाळेत शिक्षिकेला बाई म्हणत, आणि ती मला शिकवतच होती. पाहणीच्या वेळी तिने स्वतः अक्रातल्या कितीतरी घरांत जाऊन हे प्रश्न विचारले होते.

मी तिला एकेक उत्तर वाचून दाखवायची. ‘बस थांब्याजवळची बाई.’ ‘बहीण आणते, ती कुठून आणते ते माहीत नाही.’ ‘नवरा घेऊन येतो, मी विचारलं नाही.’ ‘जिथे साबण मिळतो तिथे.’ ‘शेजारीण देते, तिला दवाखान्यातून जास्तीच्या मिळतात.’ साबण मिळतो तिथे म्हणजे किराणा दुकान का औषधाचं, असं मी विचारलं की बाई आधी कुठलं शहर ते विचारायची. मग सांगायची. घानात औषधांची दोन प्रकारची दुकानं असतात. एक मोठं, तिथे शिकलेला फार्मासिस्ट बसतो. दुसरं छोटं, गल्लीतलं. त्या दुकानदाराला साधी औषधं विकायचा परवाना असतो, आणि पाळणा लांबवायच्या गोळ्या त्या साध्या औषधांत मोडतात. बाईच्या मावशीचं असं दुकान होतं. शाळा सुटल्यावर ती तिथे गल्ल्याशी बसायची.

“आत आल्या आल्या कुणी गोळ्या मागत नाही,” ती म्हणाली. “आधी डोकेदुखीचं औषध मागतात. मग दुकान रिकामं व्हायची वाट बघतात. उगीच बरणीवरचं लेबल वाचत उभ्या राहतात. माझी मावशी तेवढ्यावरून ओळखायची आणि न विचारता पाकीट कागदात गुंडाळून द्यायची.”

पुण्यातल्या त्या केमिस्टकडे मीही आधी डोकेदुखीच्या गोळ्या मागितल्या होत्या. काउंटरवरचा बाम हातात घेऊन त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचली होती. हे मी बाईला सांगितलं नाही. मान खाली घालून पुढची ओळ उघडली.

आमच्या प्राध्यापकांचं मत असं होतं, की बायका दवाखाना सोडून दुकानात जातात ते त्यांना नीट माहिती नसते म्हणून. बाईला हे पटत नव्हतं. तिचं म्हणणं, त्यांना सगळं माहीत असतं. दवाखान्यात सकाळ जाते. कार्ड काढावं लागतं. रांगेत शेजारी नणंद निघते. आणि शेवटी नर्स प्रवचन देते. दुकानात दोन मिनिटं लागतात आणि ते कामाच्या वाटेवर असतं. शहरातल्या बाईला दोन मिनिटंच असतात. पण दुकानात रक्तदाब कुणी बघत नाही, कुठल्या बाईने ही गोळी घेऊ नये ते कुणी सांगत नाही, हेही ती लगेच म्हणायची. ती दोन्ही बाजूंना उभी राहिलेली होती, त्यामुळे तिला एकच बाजू घेता येत नसे, आणि त्याचा तिला त्रास व्हायचा.

मला त्या उत्तरांनी काही होत नव्हतं. खरं तर म्हणूनच मला ते काम आवडत होतं. सकाळी दहाला यायचं, कोट खुर्चीला अडकवायचा, फाइल उघडायची. कुणाची तरी बहीण, कुणाची तरी शेजारीण. चार हा आकडा द्यायचा, पुढे जायचं.

नोव्हेंबरात माझं शेवटचं पाकीट सुरू झालं. ख्रिसमसच्या सुट्टीत नवरा दहा दिवस राहायला येणार होता. विद्यापीठाच्या दवाखान्यात जायचं तर तिथे विमा विचारत, आणि माझा विमा नवऱ्याच्या कंपनीचा होता. कुठे गेलात, काय तपासलं, कुठलं औषध लिहून दिलं, याचं पत्र विमा कंपनी फ्रिस्कोच्या पत्त्यावर पाठवायची. तो पोस्टाची पेटी उघडे, सगळी पाकिटं नीट फोडे आणि फाइलला लावे. विम्याशिवाय तपासून घ्यायचं म्हटलं तर काय सांगायचं, कुठे जायचं, मला कळत नव्हतं. तीन वर्षं या देशात राहून मला एवढंही माहीत नव्हतं. मी दिवसभर दुसऱ्या बायका कुठे जातात याची उत्तरं लावत होते, आणि मला स्वतःला कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हाही मला हसू किंवा रडू आलं नाही. ती फक्त एक माहिती होती.

गावात मोजकी मराठी घरं होती. त्यातल्या एका काकूंकडे दिवाळीचा फराळ असे. काका तीस वर्षं इथे इंजिनीअरिंग शिकवत होते. काकू सोलापूरला स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या, पण इथे आल्यावर परीक्षा देणं जमलं नाही आणि त्या एका लॅबमध्ये काम करत. मी विचार केला, काकूंना विचारावं. बाकीचे विद्यार्थी बाहेर चकल्यांवर तुटून पडले होते. मी ताटल्या घेऊन स्वयंपाकघरात गेले. काकू कढी ढवळत होत्या.

“काकू, तुम्हाला एक विचारायचं होतं,” मी म्हटलं.

“विचार की. अगं, बरी आठवण झाली, तुझ्या सासूबाईंचा फोन आला होता मला. आमच्या वन्संच्या मैत्रीण निघाल्या त्या. म्हणाल्या, आमच्या सुनेवर जरा लक्ष ठेवा, फार गप्प गप्प असते.” त्यांनी गॅस बारीक केला. “हं, काय विचारत होतीस?”

मी विचारलं, चिवड्याला पातळ पोहे कुठे मिळतात. त्यांनी सविस्तर सांगितलं. इंडियन दुकान गाडीने अडीच तासांवर आहे, पुढच्या वेळी जाऊ तेव्हा तुझ्यासाठी दोन पिशव्या आणू. त्यांनी त्या खरंच आणल्या. काकूंचं यात काहीच चुकलेलं नव्हतं. मी विचारलं असतं तर कदाचित त्यांनी कुणालाही न सांगता मदत केली असती. पण ते कळायला आधी विचारावं लागलं असतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बर्फ पडलं. दुपारी मी आणि बाई कॅम्पसच्या बसची वाट बघत उभ्या होतो. बस उशिरा येत होती. बाई तिच्या धाकट्या मुलीच्या शाळेबद्दल काहीतरी सांगत होती. तिचं संपल्यावर मी म्हटलं, “माझ्याकडच्या गोळ्या संपत आल्यात. कुठे जायचं मला माहीत नाही. घरी कळता कामा नये.”

का, असं तिने विचारलं नाही. तिने हातमोजे काढले आणि माझ्याकडे वळून विचारायला सुरुवात केली. सिगरेट ओढतेस का? अर्धशिशीचा त्रास आहे? डोळ्यांपुढे चमकतं? पायात कधी गाठ झाली, घरात कुणाला झाली? रक्तदाब शेवटचा कधी बघितला? मी एकेकाला नाही नाही म्हणत गेले, आणि शेवटच्या प्रश्नाला म्हटलं, गेल्या वर्षी, हॉस्पिटलमध्ये.

“कशासाठी होतीस हॉस्पिटलमध्ये?”

मी सांगितलं. दोन वाक्यांत झालं. मग मी हेही म्हटलं की मला काही वाटत नाही, दुःखही नाही, आणि परत तेच सगळं करायची इच्छाही नाही, आणि हे मला कुणालाच समजावता येत नाही.

“वाटेल तेव्हा वाटेल,” ती म्हणाली. “तोवर रक्तदाब बघून घेऊ. गुरुवारी तुला लेक्चर किती वाजता आहे?”

गुरुवारी सकाळी ती मला गावातल्या एका क्लिनिकमध्ये घेऊन गेली. दुमजली साधी इमारत, खाली चष्म्याचं दुकान. तिथे ज्याला जसं झेपेल तसं आकारत आणि विमा नको असेल तर विचारत नसत. बाईला हे कसं माहीत, असं मी विचारलं. नवीन गावात गेलं की मी पहिल्यांदा हेच शोधते, असं ती म्हणाली. सवय आहे.

बाहेरच्या खोलीत पाच-सहा खुर्च्या होत्या. शेजारी कॉलेजातली एक मुलगी मांडीवर पुस्तक ठेवून अभ्यास करत होती. मला फॉर्म दिला. आतापर्यंत किती वेळा गरोदर राहिलात? एक. मुलं किती? शून्य. मी दोन्ही आकडे लिहिले आणि पुढच्या ओळीवर गेले. खालच्या ओळींत विचारलं होतं, घरी पत्र पाठवलं तर चालेल का, फोन केला तर निरोप ठेवू का. दोन्हींपुढे नाहीच्या चौकटीत खूण करायची जागा होती. म्हणजे असं म्हणणारी मी पहिली नव्हते. त्यांनी त्यासाठी चौकट छापून ठेवली होती.

माझा नंबर येईपर्यंत बाईने मला एक गोष्ट सांगितली. ती हलक्या आवाजात, समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होती.

ती नवीन नर्स असतानाची गोष्ट. त्यांच्या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरने स्वतःचा एक नियम केला होता. लग्न झालेल्या बाईने पहिल्या वेळी नवऱ्याला बरोबर आणलं पाहिजे. तसं सरकारने कुठे म्हटलेलं नव्हतं, पण सिस्टर म्हणेल तो नियम. एक बाई आली, बाजारात मासे विकणारी, तीन मुलांची आई. सकाळपासून रांगेत बसलेली होती. हिने, म्हणजे आमच्या बाईने, तिला सांगितलं, नवऱ्याला घेऊन या. त्या बाईने हिच्याकडे बघितलं, कार्डाची घडी केली आणि निघून गेली. परत आली नाही. काही महिन्यांनी एका रविवारी ही मावशीच्या दुकानात बसली होती, तेव्हा तीच बाई दुकानात शिरली. गल्ल्याशी हिला बघितल्याबरोबर मागे वळली.

“मावशीने तिला हाक मारली,” बाई म्हणाली. “आणि मला डोळ्यांनी खुणावलं, तू आत जा. मी मागच्या खोलीत जाऊन बसले. खोक्यांमध्ये. ती घेऊन जाईपर्यंत. मी शिकलेली नर्स होते, आणि मी लपून बसल्याशिवाय तिला गोळी मिळत नव्हती.”

तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं.

आत एका वयस्कर नर्सने रक्तदाब बघितला, वजन केलं, बाईने विचारलेलेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले. कुठली लक्षणं दिसली तर गोळी बंद करून लगेच यायचं ते दोनदा सांगितलं. एकदा माझ्याकडून वदवून घेतलं. मग तीन महिन्यांची पाकिटं खाकी पिशवीत घालून दिली. बाहेर आल्यावर बाईने पिशवीकडे न बघता विचारलं, “किती होता?” मी रक्तदाबाचा आकडा सांगितला. तिने मान हलवली आणि आम्ही बस पकडायला निघालो.

नवरा बाविसाव्या तारखेला आला. तो येताना माझ्यासाठी लोकरीचे मोजे आणि सासूबाईंनी कुणाबरोबर तरी पाठवलेली मेतकुटाची पुडी घेऊन आला. तो चांगला माणूस होता, आहे. माझ्या दोन्ही रूममेट घरी गेल्या होत्या. आम्ही बर्फात फिरायला गेलो, भाड्याने सिनेमे आणून बघितले. चौथ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला गेले होते आणि तो कांदेपोहे करत होता. मोहरी शोधताना त्याने माझ्या कप्प्यातले सगळे डबे उघडले. पाकिटं मी साबुदाण्याच्या डब्यात ठेवली होती.

मी बाहेर आले तेव्हा टेबलावर दोन ताटल्या होत्या, पोहे वाढलेले, वर खोबरं, आणि मध्ये खाकी पिशवी. तो खुर्चीवर बसला होता. त्याने खायला सुरुवात केली नव्हती.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“जूनपासून.”

“म्हणजे हे सगळे महिने.”

“हो.”

मी ओल्या केसांचा टॉवेल सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला. मला भीती वाटायला हवी होती. मी तिची वाट बघत होते, पण ती आली नाही.

“मला सांगायचं ना,” तो म्हणाला.

“नाही सांगता आलं.”

“मला वाटलं, परत झालं की तुला बरं वाटेल.”

“आणि तुला?”

त्याने पिशवीची कड सरळ केली. मग म्हणाला, “जूनमध्ये तू पुण्याला होतीस ना, तेव्हा मी बाळासाठी आणलेल्या पाळण्याचा तो खोका देऊन टाकला. खालच्या मजल्यावर नागपूरचे आले होते, त्यांना. क्लॉजेट उघडलं की तो दिसायचा. तू विचारशील असं वाटलं होतं. तू विचारलंच नाहीस.”

मला तो खोका गेल्याचं कळलंही नव्हतं. जुलैभर मी त्या क्लॉजेटमधून कपडे काढत होते. मी त्याला तसं सांगितलं. तो रडायला लागला. लग्नानंतर मी त्याला कधीच रडताना पाहिलं नव्हतं, हॉस्पिटलमध्येसुद्धा नाही. मी उठून त्याच्या शेजारी उभी राहिले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. हाताला स्वेटरची लोकर कळत होती. त्यापेक्षा जास्त काही मला कळत नव्हतं, पण हात मी काढला नाही. नंतर आम्ही गार झालेले पोहे खाल्ले. त्याने विचारलं, ही गोळी रोज एकाच वेळी घ्यायची असते का. मी हो म्हटलं. किती वाजता घेतेस? सकाळी, चहाबरोबर. आज घेतलीस? मी म्हटलं, नाही, अजून नाही. त्याने पिशवी माझ्याकडे सरकवली.

यानंतर सगळं ठीक झालं असं नाही. तो परत गेला, फोनवर आम्ही पूर्वीपेक्षा कमी बोलायला लागलो, पण जे बोलायचो ते खरं असायचं. उत्तरं लावायचं काम एप्रिलमध्ये संपलं. बाईने तिचं टिपण प्राध्यापकांपुढे मांडलं. बायका दुकानात जाणारच, तर मग दुकानदाराला रक्तदाब बघायला आणि चार प्रश्न विचारायला शिकवा, असं तिचं म्हणणं होतं. प्राध्यापकांनी बरेच आक्षेप काढले, आणि मग तिचं म्हणणं अहवालाच्या शेवटच्या भागात घेतलं. पुढच्या वर्षी तिची पीएचडी झाली आणि ती अक्राला परत गेली. निघताना तिने मला तिचा चांगला हिवाळी कोट दिला. तो मला दोन मापं मोठा होता. वर्षभर तिची पत्रं येत होती, नंतर माझ्याकडूनच उत्तर द्यायचं राहिलं.

२००६च्या मेमध्ये मास्टर्स संपवून मी फ्रिस्कोला आले. पुढे मला एका हॉस्पिटलच्या ऑफिसात आकडेवारीचं काम मिळालं. गोळ्या आता सुपरमार्केटच्या औषधाच्या काउंटरवरून येत, विम्यावर, आणि त्याचं पत्र घरी येई. नवरा ते फोडून फाइलला लावे. कधी कधी दूध आणायला गेला की तोच पाकीट घेऊन येई. मी पोळ्या करत असले तर ओट्यावर ठेवून जाई.

२००७च्या उन्हाळ्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. पहिले दोन आठवडे त्यांनी काही विचारलं नाही. मग एका रविवारी जेवताना त्यांनी मुलाला विचारलं, डॉक्टरकडे जाऊन आलात का दोघं. त्याने भाताचा घास खाली ठेवला आणि म्हणाला, “आई, आम्ही थांबलोय. ती गोळ्या घेते, आणि मला माहीत आहे. हा विषय आता काढू नकोस.” सासूबाईंनी त्याच्या ताटात वरण वाढलं. त्या दिवशी दुपारभर त्या त्यांच्या खोलीत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा त्या डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत बसल्या होत्या. मी हात धुऊन समोर बसले आणि दुसरी जुडी सोडली.

“त्रास नाही ना होत त्या गोळ्यांचा?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मला व्हायचा. सकाळी मळमळायचं. सगळ्यांना वाटायचं, परत दिवस गेले.”

माझा हात थांबला. त्यांचा नाही थांबला.

“तुमच्या वेळी मिळायच्या?” मी विचारलं.

“माझी आतेबहीण मिरजेला नर्स होती. ती आणून द्यायची, हळदीकुंकवाला आली की. ह्यांना नव्हतं माहीत. शेवटपर्यंत नाही कळलं.” त्यांनी काड्या एका बाजूला सारल्या. “ती म्हणायची, मी आहे तोवर काळजी नाही. मग तिची बदली झाली रत्नागिरीला, आणि त्यानंतर धाकटा झाला.”

धाकटा म्हणजे माझा नवरा. हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, त्यात खंत नव्हती आणि कौतुकही नव्हतं. मला त्यांना पुष्कळ काही विचारावंसं वाटलं. खूप दिवसांनी मला काहीतरी विचारावंसं वाटत होतं. मी विचारलं, आतेबहीण आता कुठे असते. त्या म्हणाल्या, गेली, चार वर्षं झाली. मग त्यांनी भांडं पुढे ओढलं आणि निवडलेली पानं त्यात टाकली, आणि म्हणाल्या की इथली मेथी दिसायला चांगली असते पण तिला कडूपणा नाही, डाळ घालूनच करावी लागेल.